वाजवी आणि पुरेसं कारण

लाल रंगाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात पाढ्यांच्याही आधी शिकवत. याचं मूळ रेल्वेच्या साखळीत आहे. लहानपणी आगगाडीत बसलो, की वडील आधी सामान मोजायचे, मग मुलं मोजायचे आणि दोन्ही आकडे जमले की वरच्या लाल दांडीकडे बोट दाखवून म्हणायचे, "ती दिसते ना? तिच्याकडे बघायचं नाही." दिसत असताना बघायचं कसं नाही, हा प्रश्न विचारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. पुणे ते मिरज सगळा प्रवास मी त्या दांडीकडे न बघता, म्हणजे फक्त तिचाच विचार करत केलेला आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दंड आणि व्याज या दोन गोष्टी मुळातून वाचायची सवय. त्यामुळे पुढे केव्हातरी रेल्वेचा १९८९ चा कायदा हाती आला, तेव्हा मी आधी १४१ वं कलम काढलं. वाजवी आणि पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेचं आणि दंडाचं मला विशेष वाटलं नाही. मी अडकलो ते 'वाजवी आणि पुरेसं' या दोन शब्दांत. कारण वाजवी आहे पण पुरेसं नाही, असं झालं तर? आणि पुरेसं म्हणजे कुणाला पुरेसं? ओढणाऱ्याला, गार्डाला, की मॅजिस्ट्रेटला?

याचा थोडा अनुभव माझ्या गाठीशी आहे. बँकेत माझ्या काउंटरखाली, पायापाशी एक बटण आहे. दरोडा पडला तर ते पायानं दाबायचं, म्हणजे भोंगा होतो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी ते एकदाच दाबलं, आणि तेही खाली ठेवलेला जेवणाचा डबा काढताना. भोंगा झाला. शिपाई टेबलाखाली गेला. बंदूकवाला गार्ड पाण्याच्या कूलरमागे गेला. रांगेतला एक गृहस्थ मात्र शांतपणे स्लिप भरत राहिला. बँकेत आवाज होतच असतात, अशी त्याची समजूत असावी. दुसऱ्या दिवशी मला मेमो आला : भोंगा वाजवण्याचं कारण लेखी कळवावं. मी खरं तेच लिहिलं, पोळी-भाजी. कारण वाजवी होतं. पुरेसं नव्हतं. तेव्हापासून मी पाय खुर्चीवर मांडी घालून ठेवतो. उद्या खरा दरोडेखोर आला तर मांडी सोडून पाय खाली नेईपर्यंत तो पैसे मोजून पावतीही मागेल.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते गेल्या वर्षीच्या माझ्या अमेरिकावारीचं. वारी म्हणजे तिकीट ताईनं पाठवलं होतं. आई सहा महिन्यांसाठी तिच्याकडे न्यू जर्सीला गेली होती, तिला परत आणायला सोबत हवी होती. सोबत म्हणून मी स्वस्त पडलो.

ताईचं घर म्हणजे तिकडे असतात तसं. पुढे हिरवळ, मागे हिरवळ, आणि घराला चिकटून मोटार ठेवायची खोली. आपल्याकडे जागा उरली तर गॅरेज बांधतात. तिथे गॅरेजला लागून थोडं घर काढलेलं असतं. त्या खोलीत मोटारी दोन, पण वस्ती मराठी. कोपऱ्यात बासमतीचं पोतं, त्याच्या शेजारी जादा फ्रीज, फ्रीजमध्ये कढीपत्ता आणि खवलेला नारळ. मला तिथे पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते दिवाणखान्यात नव्हे, त्या गॅरेजमध्ये.

पुढचं मोटारींचं दार अख्ख्या भिंतीएवढं. बटण दाबलं की घरघर करत वर जातं आणि छताला आडवं पडून राहतं. छतावर एक मोटर, तिच्यापासून दारापर्यंत एक लांब रूळ, रुळावर सरकणारा एक तुकडा, तो तुकडा दाराला धरून. आणि त्या तुकड्याला लोंबणारी एक दोरी. दोरीच्या टोकाला मूठ. मूठ लाल. मी शिकवणीप्रमाणे तिच्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवसाची गोष्ट. ताई नि भाऊजी कामावर, भाचा कॉलेजात. मी वरच्या खोलीत भर दुपारी रात्रीची झोप काढत होतो. बाहेर मोठं वादळ झालं आणि वीज गेली. हे मला नंतर कळलं. झोपेत मला एवढंच कळत होतं, की मी बँकेत आहे आणि शेजारच्या काउंटरवर कुणीतरी व्हाउचरवर शिक्के मारतंय. टक्, टक्. थोडं थांबून पुन्हा टक्, टक्. मारणारा इतका हळू मारत होता, की झोपेतही मला वाटलं, हा नवीन लागलेला दिसतो.

पावणेचारला चहाच्या ओढीनं खाली आलो. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आईचा मोबाइल ओट्यावर. आणि शिक्क्यांचा आवाज इथेही येत होता. तो गॅरेजच्या आतल्या दारामागून येत होता.

दार उघडलं. काळोखात बासमतीच्या पोत्यावर आई बसली होती. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात त्याचं झाकण. मांडीवर नारळाची पिशवी, तिचं एव्हाना पाणी झालेलं. जुलैचा उकाडा, खोलीला खिडकी नाही. वयानं शहात्तर, रक्तदाबाची गोळी चालू. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "झाली का रे झोप?"

ती दोनला नारळ आणायला गेली होती. मधलं दार आपोआप मिटणारं, आणि मिटलं की गॅरेजच्या बाजूनं किल्लीशिवाय न उघडणारं. मोटारींचं दार विजेवर. वीज गेली तशी दोन्ही दारं सारखीच झाली, म्हणजे भिंत. पावणेदोन तास ती आत होती.

"अगं, ओरडायचं नाहीस का? जोरात धडका द्यायच्या!"

"तू झोपला होतास. इतक्या लांबून आलास, तुझं ते काय ते लॅग."

"बरं, मग ती दोरी ओढायचीस! ती याचसाठी असते. वीज गेली की ओढायची आणि दार हातानं उचलायचं."

"लाल होती," आई म्हणाली.

याच्यावर मला बोलायला जागा नव्हती. संस्कार वडिलांचे होते आणि ते दोघांवरही सारखेच झाले होते.

मग जरा थांबून, पदरानं मान पुसत ती म्हणाली, "आणि दुसऱ्याच्या घरातली वस्तू. ओढली आणि काही मोडलं म्हणजे?"

"दुसऱ्याच्या? ताईचं घर आहे."

"जावयाचं आहे," आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेली. वीज नाही तर शेगडी चालणार नाही, हे तिथे गेल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी भाऊजी आले. वीज अजून नव्हती. मी त्यांना हकिगत जरा रंगवून सांगितली, आपल्याकडे विनोदी गोष्ट सांगतात तशी. 'लाल होती' या ठिकाणी ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. टॉर्च घेऊन उठले आणि गॅरेजमध्ये गेले. मी मागोमाग. स्टुलावर चढून त्यांनी टॉर्च छतावरच्या त्या सरकत्या तुकड्यावर धरला. दोरी ज्या खिट्टीला बांधली होती, ती खिट्टी एका जाड प्लॅस्टिकच्या पट्टीनं रुळावरच्या तुकड्याला करकचून आवळलेली होती. वायरींच्या जुड्या बांधायला वापरतात ती दातेरी पट्टी.

"ओढली असती तरी उघडलं नसतं," भाऊजी म्हणाले. पट्टी त्यांनीच बांधली होती.

भाऊजी इंजिनिअर आहेत आणि वेडे नाहीत. त्यांची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे. झालं होतं असं, की दोन गल्ल्या पलीकडे चोरी झाली. चोरानं दाराच्या वरच्या फटीतून एक लांब वाकडी तार आत घातली, तिच्या आकड्यात ती खिट्टी पकडली, बाहेरून ओढली आणि दार हातानं उचललं. कुलूप फोडलं नाही, काच फोडली नाही. आतल्या माणसाला सुटता यावं म्हणून केलेली सोय बाहेरच्या माणसानं वापरली, एवढंच. हा प्रकार तिकडे पुष्कळांना ठाऊक आहे आणि त्यावरचा हा पट्टीचा उपायही पुष्कळजण करतात. काहीजण बारीक पट्टी लावतात, आतून जोर दिला तर तुटेल अशी. भाऊजींनी जाड लावली. इंजिनिअर माणूस करतो ते मजबूतच करतो.

बँकेतला माणूस म्हणून मला भाऊजींचं म्हणणं पटायला हवं होतं. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकट्याला ती उघडताच येऊ नये, यासाठी सगळी व्यवस्था. पण स्ट्राँगरूममध्ये आम्ही नोटा ठेवतो. आई ठेवत नाही. ही लाल मूठ बरोबर उलट्या विचारानं केलेली आहे : जो कुणी आत असेल, त्या एकट्याला, किल्लीशिवाय, परवानगीशिवाय, अंधारातही बाहेर पडता आलं पाहिजे. मग तीच मूठ चोराच्याही हाताला लागणार. दोरीला माणूस ओळखता येत नाही. तेव्हा प्रश्न असा, की सुटकेची वाट मोकळी ठेवून चोराचा धोका पत्करायचा, की चोराला अडवून आतल्याचा? आणि धोका पत्करायचाच, तर कुणाच्या वतीनं? भाऊजींनी पट्टी बांधली ती स्वतःच्या मोटारीसाठी. तिच्याखाली पावणेदोन तास बसली माझी आई.

हे मी तिथे बोललो नाही. जावयाशी सासुरवाडीच्या माणसानं बोलायच्या गोष्टी वेगळ्या असतात. मी नुसता टॉर्च धरला.

भाऊजींनी पकडीनं पट्टी कापली आणि मूठ ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. खिट्टी सुटेना. आता त्यांचा चेहरा खरोखर उतरला, कारण याचा अर्थ पट्टी नसती तरीही आईला ती सुटली नसती. दार मिटताना तो तुकडा दाबाखाली अडकून बसला होता. मग त्यांनी मला दार खालून किंचित वर रेटायला सांगितलं, वरचा ताण सैल झाला आणि खट्कन आवाज होऊन खिट्टी सुटली. मी दार उचललं. इतकं मोठं दार, वजन सत्तर किलोच्या वर, पण स्प्रिंगच्या आधारानं एका हातानं वर गेलं आणि कमरेपर्यंत आणून सोडलं तर तिथेच थांबलं. थांबलं तर स्प्रिंग शाबूत, जड लागलं किंवा धाडकन खाली आलं तर स्प्रिंग गेलेली, ही त्याची परीक्षा. म्हणून ती मूठ नेहमी दार मिटलेलं असताना ओढायची. उघड्या दाराची ओढली आणि स्प्रिंग तुटकी निघाली तर दार डोक्यात. इतक्या सूचना सुटकेच्या एका दोरीला! संकटात सापडलेल्या माणसानं आधी एक छोटी परीक्षा द्यावी अशी अपेक्षा दिसते. एवढ्यानंही भागत नाही. दाराला आतून हाताचा अडसर घातलेला असेल, तर मूठ सुटूनही दार हलत नाही.

दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत दोन छोटे डोळे बसवले होते. मिटत्या दाराखाली मूल आलं तर दार परत फिरावं म्हणून. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती दारांच्या नव्या यंत्रांना दाराखालच्या माणसाचं असं रक्षण करणं सक्तीचं आहे, कारण त्याआधी मुलं दाराखाली सापडून दगावली होती. म्हणजे खाली कुणी आहे का, हे बघायला दाराला शिकवलेलं आहे. आत कुणी आहे का, हे बघायचं माणसांवर सोडलं आहे.

जेवताना, मेणबत्तीत, भाऊजींनीच कॅलिफोर्नियाचं सांगितलं. २०१७ च्या ऑक्टोबरात तिथे वणवे पेटले, वीज गेली, आणि काही वयस्कर माणसांना गॅरेजची दारं उघडता आली नाहीत. काहीजण त्यात गेले. दोऱ्या होत्या. पण म्हाताऱ्या माणसाला धुरात, अंधारात दोरी शोधून, ओढून, वर ते दार उचलायचं होतं. त्यानंतर तिथे कायदा झाला, की १ जुलै २०१९ पासून घरासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या प्रत्येक यंत्राला बॅटरी पाहिजे, म्हणजे वीज गेली तरी बटणावर दार उघडेल. ताईचं घर कॅलिफोर्नियात नाही आणि यंत्र जुनं आहे. ताई एवढं ऐकून भाऊजींना म्हणाली, "आणि तुम्ही पट्टी बांधून बसलात." भाऊजी म्हणाले, "तूच म्हणालीस चोराचं काहीतरी करा." दोघांचंही खरं होतं. आई म्हणाली, "भात वाढू का थोडा?"

रात्री मला झोप येईना. (दुपारी झाली होती.) पडल्या पडल्या मला गॅरेज दिसायचं सोडून आमची शाखा दिसायला लागली.

तीन-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅश बंद झाली होती, माझी बेरीज जमली होती, आणि बेरीज जमल्यावर कॅशियरच्या चेहऱ्यावर जी शांती येते ती साधूंना तप करूनही येत नसेल. गार्डानं जाळीचं दार अर्धं ओढलं होतं. एक पेन्शनर आजोबा त्या अर्ध्या फटीतून पासबुक पुढे करून उभे. कार्ड ते वापरत नसत, यंत्रावर विश्वास नाही म्हणून. मी बसल्या जागेवरून हात हलवला, "कॅश क्लोज झाली, आजोबा." ते म्हणाले, "असं का? बरं बरं. काही घाई नाही, उद्या येतो." आणि छत्री उघडून गेले. चार दिवसांनी कळलं, त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नीला दवाखान्यात ठेवायचं होतं आणि अनामत भरायला पैसे हवे होते. पन्नास वर्षं एका वाड्यात राहून कुणाकडे वाटीभर साखर न मागितलेला माणूस त्या रात्री शेजाऱ्याकडे गेला. पत्नी बऱ्या होऊन घरी आल्या. मी आजोबांना म्हटलं, "अहो, सांगायचं ना मला तसं!" ते ओशाळून हसले. "तुमची कॅश बंद झाली होती ना," म्हणाले.

तेव्हा मी स्वतःला बरंच समजावलं होतं. नियम नियम असतो. एकासाठी उघडली तर उद्या दहा येतील, आणि त्यातले नऊ दवाखान्याचंच कारण सांगतील. आणि ते काही खोटं नाही. रोज कॅश बंद झाल्यावर 'फक्त एकच मिनिट' म्हणत जाळीतून हात घालणारे मला नावानिशी पाठ आहेत. रेल्वेतही साखळी कोण ओढतं? मावशी अजून फलाटावर वडा घेतायत म्हणून ओढतात. त्यांना आपलं कारण वाजवी आहे का, असा प्रश्न पडत नाही. तो पडतो आजोबांना. ज्याच्याकडे खरोखर कारण असतं, तो ते हातात धरून उभा राहतो, उलटसुलट करून बघतो, जरा हलकंच आहे म्हणतो आणि छत्री उघडतो. आणि आम्ही सगळे नियम केलेले असतात ते मावशीच्या वड्यासाठी.

माझी चूक नियम पाळला ही नव्हती, असं मला अजूनही वाटतं. मी मान वर करून पाहिलं नाही, ही होती. 'घाई नाही' म्हणायला माणूस अर्ध्या जाळीतून वाकून येत नसतो. पण माझी बेरीज जमलेली होती. आणि त्या दुपारीही मी झोपेत आवाज ऐकला होता. तो हळू होता, म्हणून तातडीचा नसणार असं मी धरून चाललो. हळू वाजवणारा नवीन लागलेला असतो असं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी आईला गॅरेजमध्ये बोलावलं आणि दार मिटून म्हणाले, "आई, ही ओढा." आई दोन पावलं मागे गेली. "नको हो, तुम्ही आहात ना." "मी नसताना ओढायची आहे." मूठ साधारण सहा फुटांवर. आई चार फूट दहा इंच. टाचा उंचावून तिनं कशीबशी दोन बोटं अडकवली, डोळे मिटले आणि ओढली. खट् झालं. भाऊजींनी आदल्या रात्री तेल घातलं होतं. डोळे उघडून तिनं पहिल्यांदा काय विचारावं? "जावईबापू, मोडलं नाही ना काही?"

तार आत जाऊ नये म्हणून वरच्या फटीवर पत्रा ठोकायचा, पट्टी पुन्हा लावायची नाही, असं भाऊजींनी ठरवलं. चोराला आता पत्रा कापायला लागेल. तो कापणारच नाही असं नाही, असं ताईचं मत.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी बॅगा मोजत होतो. ताई गॅरेजमधून ओरडली, "अरे, गाडीच्या टपाला हे काय घासतंय?" जाऊन पाहिलं, तर लाल मुठीला हातभर लांबीची चिंधी बांधलेली. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ, हिरवा. पक्की निरगाठ. चिंधी बरोबर आईच्या हाताला येईल एवढी खाली आलेली.

"आपण उद्या जाणार," मी म्हटलं, "आता कशाला बांधलीस?"

"पुढच्या वर्षी यायचं झालं तर. आणि तिची सासूही येते ना, ती माझ्याहून ठेंगणी आहे."

"भाऊजींना विचारलंस?"

आई बॅगेची चेन लावत होती. "नाही विचारलं," ती म्हणाली.